पाहुणीला दाखवलेलं सोलापूर

सोलापुरात बघायला काय आहे, असं कुणी विचारलं की सोलापूरकर आधी हसतो, मग चादर म्हणतो आणि मग गप्प बसतो. मीही त्यातलीच. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, जगातली सगळी बंदरं नकाशावर पट्टी ठेवून दाखवली, पण स्वतःच्या गावात पाहुण्याला तीन दिवस कुठं फिरवायचं हा प्रश्न कधी पेपरात आला नव्हता. तो गेल्या जानेवारीत आला.

पाहुणी नेदरलँडची. माझी मैत्रीण. चार वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला मी तिकडं सहा महिने जाऊन राहिले होते, तेव्हा ही समोरच्या घरात एकटी राहायची. वय सत्तरीच्या आसपास, उंची माझ्या दीडपट, आणि पावसात सुद्धा सायकल. मी नातीला टोपडं, दुपटं, वर शाल असं गुंडाळून अंगणात उभी राहायचे. एक दिवस ही सायकलवरून उतरली आणि म्हणाली, बाळाला उकडतंय. ओळख ना पाळख. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आणखी एक शाल घातली. तिसऱ्या दिवशी तिनं कॉफीला बोलावलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं होतं, म्हणून आमचं जमलं. दोघी सावकाश बोलायचो, शब्द अडला की हातवारे करायचो. परत आल्यावर दर रविवारी फोन. मैत्रीला वय नसतं वगैरे लोक म्हणतात. मला साठीनंतर जिवाभावाची मैत्रीण मिळाली, ती अशी भांडून.

आता लेकीचं सांगते, कारण या तीन दिवसांत मी गाव कमी दाखवलं आणि लेकीचा विचारच जास्त केला.

सात-आठ महिने झाले होते, तिचा फोन यायचा पण त्यात जावई नसायचे. कधी कामात असायचे, कधी झोपलेले, कधी बाहेर गेलेले. आधी दोघं मिळून बोलायचे, चेष्टा करायचे, मागून कुणीतरी भांडी लावत असायचं. आता एकटीच बसायची. तिच्या मागची भिंतही बदललेली. उतरतं लाकडी छत दिसायचं, माळ्यावरच्या खोलीला असतं तसं. तीस वर्षं उंचसखल प्रदेश शिकवलेल्या बाईला छताचा उतार कळणार नाही होय? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, एवढंच त्याचं कारण. मैत्रिणीला फोनवर विचारावं असंही कितीदा मनात आलं. ती समोरच राहते, तिला माहीत असणारच. पण फोनवर ती खोटं बोलली तर मला कळणार नाही आणि खरं बोलली तर मला सावरायला घरात कुणी नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. म्हणून ती येते म्हणाली तेव्हा मी ठरवलं, आता समोरासमोर विचारायचं.

ती आली बुधवारी संध्याकाळी, एक लहानशी बॅग घेऊन. मी फ्रिजवर तीन दिवसांचा कार्यक्रम चिकटवून ठेवला होता. गुरुवारी देऊळ, तलाव, किल्ला. शुक्रवारी सकाळी पाणी. शनिवार मोकळा. ‘पाणी’ म्हणजे काय बघायचं असतं, असं तिनं विचारलं. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं आणि त्या वेळी घरातल्या माणसानं घरीच असावं लागतं, लग्नाचे मुहूर्त सुद्धा आम्ही ते बघून धरतो, असं मी तिला समजावलं. अर्धा देश पाण्याखाली जाऊ नये म्हणून जन्मभर बांध घालणाऱ्या लोकांतली ती. ती कागदाकडं बघत म्हणाली, मग हेच आधी बघू.

गल्लीतला एक रिक्षावाला तीन दिवसांसाठी ठरवला होता. सिद्धेश्वराच्या देवळाकडं जाताना त्यानं आरशातून तिच्याकडं बघून मला विचारलं, “म्याडम, ह्यांच्या देशात तळं हाय का?”

“त्यांचा देशच तळ्यात आहे,” मी म्हटलं.

“मग हितं कशाला आल्यात ओ तळं बघाय?”

ते मी भाषांतर करून सांगितलं तर ती इतकी हसली की रिक्षावाल्याची कळी खुलली. त्यानंतर तो आमचा वाटाड्या झाला. किल्ल्यात तर तो आमच्या आधी बुरुजावर चढला आणि तिथून त्यानं जो इतिहास सांगितला तो कुठल्याच पुस्तकात नसावा. मी त्यातला निम्मा गाळला. बाकीचा तिनं मन लावून ऐकला.

देवळात गर्दी होती. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, यात्रेचे पाळणे अजून मैदानात उभे होते. आम्ही दर्शन घेऊन तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. लोक माशांना चुरमुरे टाकत होते. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “तुला मला काही विचारायचंय का?”

“हो,” मी म्हटलं. “दुपारी कडक भाकरी चालेल की भात लावू?”

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. “भाकरी,” म्हणाली.

शुक्रवारी पहाटे पाणी आलं. मोटर लावली, पिंप भरलं, मग टाकी, मग घागरी, मग जी जी भांडी पालथी होती ती सगळी. तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बादल्या उचलायला लागली. समोरच्या अक्का त्यांच्या फाटकातून बघत होत्या. अक्कांचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, सीमेला लागून. मराठी बोलता बोलता त्या मध्येच कानडीत शिरतात आणि परत येतात. “पावणीला कामाला लावलीस की गं,” त्या ओरडल्या. मला लाज वाटली, पण मैत्रिणीच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तिच्या हातातली बादली काढून घेणं मला जमलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी तिला पूर्व भागात मागावर घेऊन गेले. ओळखीचं तेलुगू कुटुंब, घराच्या पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, टॉवेल विणतात. आत पाय टाकला की खडखडाटानं कान बधिर होतात. घरातली माणसं एकमेकांशी खुणेनं आणि ओठ वाचून बोलतात. सुताची कांडी पोटात घेऊन धोटा इकडून तिकडं असा धावतो की डोळा ठरत नाही. तिला ते फार आवडलं. ती वाकून वाकून बघत होती, सूत कुठून येतं, नक्षी कशी उठते, तुटलेला धागा बाई चालत्या मागावर कसा जोडते. मला वेगळ्याच कारणासाठी आवडलं. तिथं कुणी कुणाला काही विचारू शकत नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अजून एक कारखाना बघू या, तिथं चादरी निघतात. तिथून अजून एक. संध्याकाळपर्यंत आम्ही तीन ठिकाणचे माग बघितले, तीन ठिकाणी चहा प्यालो, तिन्ही ठिकाणी तिला काही ना काही भेट मिळाली. पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, आणि पाहुण्याला दोन मिनिटं निवांत बसू द्यायचं नाही हा माझा, त्या तीन दिवसांपुरता.

रात्री जेवण झाल्यावर ती ताटात शेंगा घेऊन सोलत बसली. चटणीला लागणार होत्या. “उद्या माझा शेवटचा दिवस,” ती म्हणाली. मी उठून फ्रिजवरचा कागद बघून आले, जणू मला ते माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी अक्कांकडं हळदीकुंकू होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत रोज कुणाकडं तरी असतंच. सकाळीच त्या फाटकाशी येऊन म्हणाल्या, “पावणीला घिऊन बर्री,” म्हणजे घेऊन या. मग आवाज खाली आणून, “त्यास्नी मालक हायत न्हवं?”

इथं मी जे केलं ते नीट सांगायला हवं.

मैत्रिणीचा घटस्फोट होऊन तीस वर्षं झाली. ‘पूर्वी मी दुसऱ्या गावात राहायचे’ म्हणावं इतक्या सहज ती ते सांगते. अक्कांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तिला बोलवायचं टाळलं नसतं, त्या तशा नाहीत. तिळगूळ दिला असता, दूध दिलं असतं, पाया पडल्या असत्या. फक्त ओटी भरली नसती, आणि तिला आत बसवलं असतं. आत म्हणजे स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी. मी गेली सहा वर्षं तिथंच बसते. मला तिथं कुणी बस म्हटलेलं नाही. नवरा गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला मी आपणहून आत गेले, दूध गाळायला घेतलं, आणि ती माझी जागा होऊन गेली. दर वर्षी अक्का म्हणतात, तुझ्याशिवाय दूध नीट होत न्हाय बग. तेही खरंच असेल.

पण इतक्या लांबून आलेल्या माझ्या मैत्रिणीला कुणी आत बसवावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी पटकन म्हटलं, “आहेत की. हॉलंडात आहेत.” तसं बघितलं तर खोटंही नाही; तो माणूस हॉलंडातच आहे, दुसऱ्या बायकोबरोबर.

चार वाजता गेलो. तिला मधल्या खोलीत पाटावर बसवलं. तिला मांडी घालता येईना, म्हणून दोन उशा दिल्या. हळद, कुंकू, गुलाबपाणी, तिळगूळ, आणि ओटीत खण, नारळ, तांदूळ. वाण म्हणून स्टीलची गाळणी. बायका तिच्याभोवती जमलेल्या, कुणी तिच्या केसांना हात लावून बघतंय, कुणी तिला गजरा माळतंय. मी आतून, दाराच्या चौकटीतून, दुधाचे पेले भरता भरता बघत होते. मला इतकं बरं वाटलं. मग मला दिसलं, ती मान वळवून वळवून कुणाला तरी शोधत होती. मलाच शोधत होती.

तिथून निघाल्यावर ती म्हणाली, घरी नको, तळ्यावर जाऊ. रिक्षावाल्यानं किल्ल्याच्या बाजूला सोडलं आणि तो भजी खायला गेला. ऊन उतरलं होतं. आम्ही बाकावर बसलो. तिच्या मांडीवर ती सगळी ओटी होती, नारळ एका हातानं धरलेला, कपाळावर मोठं कुंकू.

“तू आत का होतीस?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. माझा नवरा नाही म्हणून.

“माझाही नाही.”

“मी त्यांना आहे म्हणून सांगितलं.”

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. तिनं नारळ उचलून आमच्या दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला. “हे माझ्यासाठी सांगितलंस?”

“तुझ्यासाठीच. तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“मला वाईट वाटलं नसतं,” ती म्हणाली. “मला स्वयंपाकघर चाललं असतं. तू तिथं होतीस.”

तिला वाईट वाटलं नसतं हे मलाही माहीत होतं. वाईट मला वाटलं असतं. माझी पाहुणी तसली आहे हे बायकांना कळलं असतं, आणि त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं असतं ती मला नको होती. हे मला त्या बाकावर बसल्यावर उमगलं आणि फार लाज वाटली. मी तिला तसं सांगितलं. इंग्रजीत लाज सांगायला शब्द थोडे, म्हणून ते लवकर संपलं.

ती म्हणाली, “मग तुझी लेक म्हणते ते बरोबर आहे.”

तेव्हा मात्र मी विचारलं. तीन दिवस, किंबहुना आठ महिने जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते विचारलं. “माझी लेक कुठं राहते?”

“माझ्याकडं,” ती लगेच म्हणाली. “माझ्या वरच्या खोलीत. जूनपासून. नातही तिथंच असते, आठवड्यातून तीन दिवस बापाकडं जाते.”

मग तिनं सगळं सांगितलं. भांडण नाही, मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. दोघांचं संपलं, एवढंच. मला खरं तर कुणीतरी वाईट हवं होतं, ज्याला चार शिव्या देता आल्या असत्या. तेही नाही. मैत्रिणीनं निघताना लेकीला बजावलं होतं, मी आपणहून तुझ्या आईला काही सांगणार नाही, पण तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तीन दिवस ती बिचारी मी विचारण्याची वाट बघत होती आणि मी तिला माग दाखवत हिंडत होते.

“तिनं मला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

मैत्रीण जरा थांबली. हे सांगावं की नाही असं तिचं चाललेलं दिसत होतं. ती कधी असं थांबत नाही. मग म्हणाली, “ती म्हणते, आई स्वतःच आत जाऊन बसते. मी सांगितलं तर मलाही तिथंच बसवेल.”

मला आधी राग आला. लेकीचा आला, हिचा आला, तेवढ्यात रिक्षावाल्यानं लांबून हॉर्न वाजवला त्याचाही आला. मी तिला बी.ई.पर्यंत शिकवलं, एकटीला परदेशी पाठवलं, लग्न तिच्या पसंतीनं लावलं, आणि तिला माझ्याबद्दल हे वाटतं? मग राग ओसरत गेला, आणि खाली उरलं ते एवढंच, की आज सकाळी मी नेमकं तेच केलं होतं. मैत्रिणीला मधल्या खोलीत बसवायला मला खोटं बोलावं लागलं. लेकीसाठीही मी खोटंच बोलले असते. जावई कामात आहेत, जावई झोपलेत. तिचंच वाक्य तिच्यासाठी मी गल्लीभर वाटलं असतं, आणि वर म्हटलं असतं, तुझ्यासाठीच.

मी रडले. तिनं मला रडू दिलं, पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. थोड्या वेळानं रुमाल दिला.

घरी आल्यावर ती आत गेली आणि मी समोर गेले. अक्का सतरंजी झटकून खाली सांडलेले तांदूळ वेचत होत्या. मी दारातच उभं राहून म्हटलं, “अक्का, सकाळी मी तुम्हांला खोटं सांगितलं. पाहुणीला नवरा नाही. तीस वर्षांपूर्वीच वेगळे झालेत.”

अक्कांनी वेचलेले तांदूळ ओंजळीत गोळा केले.

“आणि माझी लेकही जूनपासून वेगळी राहते. हिच्याच घरी. मला आज कळलं.”

आयुष्यभर वर्गात बोलले, पण एवढी दोन वाक्यं बोलायला जितका दम लागला तितका कधी लागला नव्हता. अक्कांनी तांदूळ सुपात टाकले, हात पदराला पुसले. “आदीच सांगायचं की,” एवढं म्हणाल्या. चेहरा उतरला होता. ओटी भरली ती चालली की नाही, असलं काही मनात येत असणार, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, “पोर जेवती का नीट?” मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं आणि परत आले. सकाळपर्यंत गल्लीला कळणार हे मी धरूनच चालले होते, आणि कळलंच.

साडेसात वाजले होते. तिकडं दुपारचे तीन, शनिवारची सुट्टी. मी फोन लावला. लेक दिसली, मागं ते उतरतं छत. मैत्रीण स्वयंपाकघरात मुद्दाम भांड्यांचा आवाज करत होती, म्हणजे ती ऐकत नाही हे मला कळावं.

“वरची खोली गरम राहते का गं?” मी विचारलं.

तिनं मागं वळून छताकडं बघितलं. मग म्हणाली, “राहते.”

“नात कुठंय?”

“झोपलीय.” आणि मग, “तिनं सांगितलं?”

“मी विचारलं. विचारल्यावर सांगितलं.”

“रागावलीस?”

“तुझ्यावर अर्धा तास रागावले. माझ्यावरचा अजून गेला नाही.”

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. लहानपणी गुडघा फुटला की असंच करायची. “आई, लोकांना काय सांगशील?”

“अक्कांना आत्ताच सांगून आले. आता लोक उरलेच कुठं?”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं, तेवढं मी त्या संध्याकाळी शिकले होते. डोळे पुसून झाल्यावर तिनं फोनकडं न बघता, खाली कुठंतरी बघत विचारलं, “आई, उन्हाळ्यात आम्ही दोघी येऊ का तिकडं? चालेल का तुला?”

आपल्याच घरी यायला माझी लेक माझी परवानगी मागत होती. मी म्हटलं, “या, दोघी या.”